आयत्या बिळातील फुरसे

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण मराठी घरात लहानपणापासून कानावर पडते. दुसऱ्याच्या श्रमावर येऊन बसणाऱ्या मनुष्यास उद्देशून ती योजतात; परंतु शब्दशः घेतली तरी तीत प्राणिशास्त्रातील एक साधे सत्य सांगितलेले आहे. बहुतेक सर्प स्वतःचे घर बांधीत नाहीत. वाळवीने वारूळ उभारावे, उंदराने जमीन पोखरावी, पावसाने दगड उघडे पाडावेत, आणि सर्पाने तेथे निवास करावा, असा हा व्यवहार आहे. मनुष्याने जाणूनबुजून सर्पासाठी बीळ तयार करावयास घेतले ते मात्र फार अलीकडे. त्या बिळाने आज लाकडाच्या वा प्लॅस्टिकच्या खणाचे रूप घेतले असून स्वयंपाकघरातील मांडणीवर डबे ओळीने लावावेत तसे हे खण एकावर एक रचलेले असतात. ही मांडणी कशी अस्तित्वात आली हे पाहू लागले, की वाट कोकणच्या किनाऱ्यावर, विजयदुर्गाच्या सड्यावर जाऊन पोहोचते.

विजयदुर्ग तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. पायथ्याशी वाघोटणची खाडी समुद्रास मिळते, आणि किल्ल्याची मागील बाजू सोडून गिर्ये गावाकडे चालू लागले की जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा लागतो. पावसाळ्यात या कातळावर गवत माजते, आश्विनात ते पिवळे पडते, आणि फाल्गुन-चैत्रात सारा सडा तव्यासारखा तापतो. शेताच्या व कलमांच्या बागांच्या कडेने जांभ्याचे सुटे दगड रचून केलेले गडगे असतात. त्या गडग्यांच्या फटींत, सड्यावरील सुट्या चिऱ्यांखाली आणि वाळल्या गवताच्या बुडाशी जो सर्प राहतो त्याचे नाव फुरसे. अंगाने हातभर, रंगाने मातीसारखा, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण असलेला असा हा प्राणी आहे. छेडला असता तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो. त्याच्या कुशीवरील खवल्यांस करवतीसारखे दाते असल्यामुळे तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज निघतो. विंचू, गोम, पाल, बेडूक व लहान उंदीर हे त्याचे अन्न होय.

या सर्पाचे भय त्याच्या आकारात नसून त्याच्या जागेत आहे. नाग माणसाची चाहूल लागताच बहुधा दूर सरकतो. फुरसे दगडाखाली जेथल्या तेथे बसून राहते. गवत कापणाऱ्या बाईचा हात, गडग्याचा चिरा उचलणाऱ्या गड्याची बोटे, काळोखात अनवाणी चालणाऱ्याचे पाऊल यांस त्याचा दंश होतो. विषामुळे रक्ताचा गोठण्याचा गुण नाहीसा होतो; हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीवाटे रक्त जाऊ लागते, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतो. आजही खेड्यातील दवाखान्यात या विषाची परीक्षा साधीच आहे. रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे. ते गोठले नाही तर विष अंगात भिनले असे समजावयाचे.

विजयदुर्ग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या जिल्ह्यात फुरशांनी एवढा उच्छाद मांडला होता, की सरकारने प्रत्येक मारलेल्या फुरशामागे सहा पै, म्हणजे अर्धा आणा, बक्षीस ठेविले. सहा वर्षांच्या काळात दरवर्षी सरासरी सव्वादोन लाखांहून अधिक फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. पुढे १८६२ साली हे बक्षीस दोन आण्यांवर नेण्यात आले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यात अवघ्या आठ दिवसांत एक लाख पंधरा हजारांहून अधिक मेलेली फुरशी सरकारी कचेऱ्यांत येऊन पडली. हिशेब केला तर आठ दिवसांत चौदा हजार रुपयांवर रक्कम होते. त्या दिवसांत खाडीकाठच्या कुणब्याच्या घरात रोकड क्वचितच दिसे. सारी पोरेबाळे काठ्या घेऊन सड्यावर लोटली असतील यात नवल नाही.

आकडे पाहून आश्चर्य वाटते. परंतु परिणाम काय झाला? फुरसे संपले नाही. पुढे रत्नागिरीस अधिकारी म्हणून राहिलेले जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी १८९० साली मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात लेख लिहून असे प्रतिपादन केले, की मुंबई इलाख्यात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे मोठे कारण नाग नव्हे, हे लहानसे फुरसेच होय. लाखो सर्प मारले गेले आणि जागा मोकळी झाली. दगड, गवत, विंचू व पाली होत्या तेथेच राहिल्या. एक मादी एका वेळी चार ते आठ, कधी त्याहूनही अधिक, जिवंत पिल्ले देते. रिकामे बीळ फार दिवस रिकामे राहिले नाही. शिवाय दोन आण्यांनी जो सर्प विकत घेतला गेला, तो दंश झालेल्या मनुष्याच्या काहीही उपयोगी नव्हता. ज्या विषाने मनुष्य मरतो, त्याच विषातून त्यास वाचविणारे औषध निघते, हे ज्ञान त्या वेळी जगात कोणासच नव्हते.

ते ज्ञान पुढील तीस-पस्तीस वर्षांत आले, आणि त्याची सुरुवात एका पिपाने झाली. १८९१ च्या ऑक्टोबरात, सध्याच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागात बाक-लिउजवळील एका गावात पुराच्या पाण्याने हाकललेले नाग झोपड्यांत शिरले. चाळीस माणसांस दंश झाला व त्यांपैकी चौघे दगावले. एका गारुड्याने एकोणीस नाग जिवंत पकडून एका पिपात कोंडले, आणि तेथील अधिकाऱ्याने ते पीप सायगाव येथील नव्या पाश्चर संस्थेकडे धाडले. तेथे आल्बेर काल्मेत नावाचा तरुण फ्रेंच वैद्य काम करीत होता. त्या पिपातील सर्पांच्या विषावर त्याने संशोधन आरंभिले, आणि १८९४-९५ च्या सुमारास घोड्यास विषाची थोडी थोडी वाढती मात्रा टोचून त्याच्या रक्तजलापासून प्रतिविष तयार करण्याची पद्धत सिद्ध केली. दोन आण्यांचा मेलेला सर्प आणि पिपातील जिवंत सर्प यांच्या मोलातील अंतर त्या दिवशी स्पष्ट झाले.

काल्मेत यास वाटले, की नागाच्या विषावरील हे औषध सर्वच सर्पांस चालेल. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांनी आणि हिंदुस्थानात जॉर्ज लॅम यांनी ही समजूत खोडून काढली. ज्या जातीचे विष घोड्यास टोचले असेल त्याच जातीच्या दंशावर औषध लागू पडते, असे त्यांच्या प्रयोगांवरून ठरले. मुंबईत परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा उघडली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. प्रतिविष मात्र आपल्या देशात प्रथम कसौली येथे होऊ लागले, आणि ते बराच काळ नाग व घोणस या दोघांपुरतेच होते. सड्यावर फुरसे चावलेल्या मनुष्यास त्याचा लाभ नव्हता. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर एकत्र चालणारे प्रतिविष तयार होऊ लागले. रत्नागिरी जिल्ह्यातील फुरशी आता कचेरीत मोजली जाण्याऐवजी जिवंत परळास जाऊ लागली.

ब्राझील देशात हा बदल अधिक लवकर व अधिक शहाणपणाने झाला होता. साओ पावलोजवळ बुतांतान येथे १९०१ साली स्थापन झालेल्या संस्थेचे पहिले संचालक व्हितल ब्राझील यांनी शेतकऱ्यांशी एक करार केला. शेतकऱ्याने जिवंत सर्प लाकडी पेटीत घालून आगगाडीने पाठवावा, रेल्वेने तो फुकट न्यावा, आणि संस्थेने मोबदल्यात त्या शेतकऱ्यास प्रतिविषाच्या कुप्या पाठवाव्यात. रत्नागिरीच्या शेतकऱ्यास मेलेल्या सर्पाबद्दल दोन आणे मिळाले; ब्राझीलच्या शेतकऱ्यास जिवंत सर्पाबद्दल आपल्या मुलाबाळांच्या प्राणांची हमी मिळाली. सर्पास जिवंत ठेवण्याची विद्या यामुळेच केवळ छंदाची बाब राहिली नाही.

परंतु जिवंत सर्प ठेवावयाचा कोठे? फुरशाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट आहे. एका वेळी एका फुरशाच्या दातांतून जे विष मिळते ते वाळविल्यावर अवघे चार-पाच मिलिग्रॅम भरते. म्हणजे एक ग्रॅम विष हवे असेल तर दोनशेहून अधिक वेळा फुरशी हाताळावी लागतात. नाग किंवा घोणस यांचे विष कितीतरी पट अधिक निघते. तेथे थोड्या सर्पांवर भागते. फुरशांचा संसार मात्र शेकड्यांनीच मांडावा लागतो, आणि शेकडो विषारी सर्प एका खोलीत ठेवणे म्हणजे जागेचा, स्वच्छतेचा व माणसांच्या सुरक्षिततेचा असा तिहेरी प्रश्न उभा राहतो.

आपल्याकडे सर्प ठेवण्याचे जुने प्रकार दोन. एक गारुड्याची वेताची पेटारी. तिच्यात नाग वेटोळे घालून बसतो, हवा लागते, अंधार मिळतो. पण पाणी नाही, ऊब नाही, आणि बहुधा दात काढलेले असल्यामुळे तो सर्प थोड्याच महिन्यांचा सोबती असतो. दुसरा प्रकार मडक्याचा. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मडक्यांत ठेवून सण होताच पुन्हा रानात सोडीत. पुढे कायद्याने व उच्च न्यायालयाच्या निर्देशांनी त्या प्रथेस आळा बसला. मडक्याचा गुण असा, की माती गार राहते, आतला सर्प शांत होतो, आणि तोंडास कापड बांधले की हवा खेळते. तामिळनाडूत १९७८ साली रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांची जी सहकारी संस्था उभी राहिली, तिने हेच मडके विषसंग्रहासाठी वापरले. महाबलिपुरमच्या वाटेवर वडनेम्मेली येथे तळाशी वाळू घातलेल्या मडक्यांच्या ओळी आढळतात. तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढून सर्प खूण करून रानात सोडून देतात.

बुतांतानने तिसरा मार्ग धरिला. भोवती भिंत व पाण्याचा चर, मध्ये हिरवळ आणि तीवर घुमटाकार लहान घरटी, असे उघडे सर्पोद्यान त्यांनी रचिले. पाहणाऱ्यास ते फार रम्य दिसे. परंतु अनेक सर्प एकत्र राहिले की एकाचा रोग सर्वांस जडतो, कोणी खाल्ले व कोणी नाही हे कळत नाही, आणि हव्या त्या सर्पास शोधून काढणे जोखमीचे होते. म्हणून शास्त्रीय संस्था हळूहळू ‘एका सर्पास एक पेटी’ या नियमावर आल्या. पेट्या वाढल्या तशा त्या फळ्यांवर चढल्या. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेतील सर्पपालकांनी पेटीचे झाकणच काढून टाकिले. खण आत सरकविला की वरची फळी हेच त्याचे झाकण. ही आजची मांडणी होय. तिला रॅक म्हणतात.

या मांडणीची रचना समजून घेतली तर सड्यावरील दगडाशी तिचे नाते ध्यानात येते. दगडाखालच्या फटीस तीन गुण असतात. ती अरुंद असते, अंधारी असते, आणि तिची एक बाजू उन्हाने तापलेली तर दुसरी सावलीत गार असते. मांडणीचा खण हेच गुण कृत्रिम रीतीने साधतो. फुरशासाठी तो वहाणांच्या खोक्याहून काहीसा मोठा पुरतो. मागील बाजूस फळीवरून विजेने तापणारी पट्टी नेलेली असते. त्या टोकास सुमारे तीस ते बत्तीस अंश आणि पुढील टोकास पंचवीस अंश सेल्सिअस ऊब राखतात. सर्पाचे रक्त स्वतः ऊब निर्माण करीत नाही. अन्न पचवावयाचे तेव्हा तो तापल्या बाजूस जातो, विसावा हवा तेव्हा गार बाजूस येतो. ही निवड त्यास मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पोटातच कुजतो. म्हणून पट्टीस ताप आवरणारे यंत्र जोडणे ही चैन नसून ती पहिली अट होय.

दुसरी बाब कोरडेपणाची. विजयदुर्गास पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. परंतु उतरत्या कातळावरून पाणी वाहून जाते आणि फुरसे उंच, कोरडी फट शोधते. बंद खणात मात्र ओल साचली तर कातडीवर फोड येतात. त्यासाठी भिंतींस बारीक भोके पाडतात, तळाशी साधा कागद घालतात, पाण्याची वाटी लहान व जड ठेवतात आणि घाण दिसताच कागद बदलतात. भोकांचे माप हाही विचाराचा विषय आहे. फुरशाची नवजात पिल्ले वितीहूनही लहान व दोऱ्यासारखी बारीक असतात, आणि जन्मतःच विषारी असतात. खण व वरची फळी यांमधील फट मोठ्या सर्पास अडवील पण पिल्लास नाही, अशी चूक झाली तर एका रात्रीत साऱ्या खोलीत पिल्ले पसरावयाची.

तिसरी बाब माणसाच्या सुरक्षिततेची. विषारी सर्पाच्या प्रत्येक खणास कुलूप असते. त्यावर जात, लिंग, आणल्याची तारीख व शेवटच्या भोजनाची तारीख लिहिलेली असते. खणात एक लहान डबी ठेवतात. सर्प अंधार शोधीत तीत शिरला की आकडीने तिचे दार लावून डबीसकट त्यास उचलावयाचे, म्हणजे स्वच्छतेच्या वेळी हाताचा व सर्पाचा संबंध येत नाही. खोलीच्या दारास खाली फट नसावी, काम करताना दोघे असावेत, नवा सर्प काही आठवडे निराळ्या खोलीत ठेवून त्याच्या अंगावरील गोचिडी व पोटातील जंत यांची तपासणी करावी, आणि जवळच्या रुग्णालयात प्रतिविष असल्याची खात्री आधीच करून घ्यावी, असे नियम चालत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या व २०१६ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेतही सर्पांची वेगवेगळी व्यवस्था, काटेकोर नोंदी, आणि शक्य तेथे बंदिवासातच जन्मलेले सर्प यांवर भर दिलेला आहे.

या मांडणीस दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. खण जेवढा सोयीचा तेवढा तो उणा. सर्पास अंग पूर्ण ताणता यावे, चढावे, लपण्याच्या जागा बदलाव्यात, दिवस-रात्रीचा उजेड कळावा, असे प्राण्यांच्या हिताचा विचार करणारे म्हणतात. आणि ज्या ठिकाणी शेकडो आफ्रिकी अजगर केवळ रंगीत पिल्लांच्या विक्रीसाठी अशा खणांत वाढविले जातात तेथे त्यांचे म्हणणे निरुत्तर करणारे आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्यावाचून देशी सर्प घरी ठेवता येत नाहीत. त्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांसही नोंदणीच्या कक्षेत आणले. हौसेखातर विषारी सर्पाची मांडणी दिवाणखान्यात उभारणे हा गुन्हा तर आहेच. शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळही आहे. खणातील सर्पाच्या बंदिवासास समर्थन एकच असू शकते, आणि ते म्हणजे त्या बंदिवासातून कोणाचा तरी प्राण वाचणे.

तो प्राण आजही वाचवावयाचा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली. वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार हा आकडा होतो, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील आहेत. प्रतिविष उपलब्ध असूनही असे व्हावे याची कारणे अनेक आहेत. दवाखाना दूर असतो, मांत्रिकाकडे वेळ जातो, रात्री वाहन मिळत नाही. परंतु एक कारण थेट सर्पाच्या निवासाशी निगडित आहे. भारतातील प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा वाटा तामिळनाडूतील त्या एकाच सहकारी संस्थेकडून येत आला आहे. एकाच जातीच्या सर्पाचे विष प्रांताप्रांतात बदलते, हे आता सिद्ध झालेले आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखविले, की राजस्थानातील फुरशाच्या उपजातीचे विष बाजारातील प्रतिविषाने पुरेसे निष्प्रभ होत नाही. लॅम यांनी जातीजातींविषयी जे सांगितले, तेच शंभर वर्षांनी प्रांताप्रांतांविषयी सांगावे लागत आहे.

यावरून निघणारी गोष्ट साधी आहे. ज्या प्रांतातील मनुष्यास दंश होतो त्या प्रांतातील सर्पाचे विष प्रतिविषात असले पाहिजे, आणि त्यासाठी त्या त्या प्रांतातील सर्पांस निगुतीने, कायद्याच्या कक्षेत, जाणकारांच्या देखरेखीखाली निवास मिळाला पाहिजे. बुतांतानच्या शेतकऱ्यास जो हिशेब शंभर वर्षांपूर्वी कळला तो कोकणातील माणसास समजावयास कठीण नाही.

विजयदुर्गाच्या सड्यावर आजही आश्विनात गवत कापणे चालते. गडग्याचा चिरा उचलण्यापूर्वी शहाणा गडी आधी काठीने तो हलवून पाहतो. चिऱ्याखालून तापल्या तव्यासारखा आवाज आला, की चिरा पुन्हा आपल्या जागी टेकविला जातो आणि फुरसे आपल्या आयत्या बिळात राहते. १८६२ साली त्याच चिऱ्याखालच्या फुरशाची किंमत दोन आणे होती, आणि ती ते मेल्यावरच मिळत होती.